पाण्याची टाकी घेऊन वाळवंटात

परत आल्यापासून वडवणीत जो भेटतो तो एकच प्रश्न विचारतो. उंट कसा बसतो, वाळूचे डोंगर खरंच जागा बदलतात का, तिकडच्या बायका एवढ्या बांगड्या घालून भाकरी कशी थापतात, यातलं काही नाही. बसस्थानकासमोर चहा पिता पिता माणूस जवळ सरकतो आणि आवाज खाली आणून म्हणतो, "शेषराव, तिथं पाण्याचं कसं काय झालं?" दवाखान्यातून परतलेल्या माणसाला खासगी दुखणं विचारावं, अगदी तशा आवाजात. प्रत्येकाला वेगळं सांगून घसा बसला, आणि घसा हे माझ्या धंद्याचं भांडवल आहे. म्हणून एकदाच लिहून टाकतो.

निघण्याआधी

माझा धंदा मंडपाचा. खुर्च्या, गाद्या, झालरी, लाउडस्पीकर आणि त्या लाउडस्पीकरवर बोलणारा मी. माझ्या आवाजाशिवाय तालुक्यात अक्षता पडत नाहीत, असं मी म्हणतो. मंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं असं की माझ्या आवाजामुळं त्या उशिरा पडतात. पौषात लग्नं नसतात. त्या महिन्यात मी घरात बसून बोलतो आणि मंदा शेजारी जाऊन बसते.

अशाच एका पौषात मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. एक जोडपं गाडीतच झोपतं, गाडीतच स्वयंपाक करतं, आणि सकाळी मागचं दार उघडलं की समोर वाळवंट. दोघं पायऱ्यांवर बसून चहा पितात. ते पाहून मला स्वतःची फार दया आली. पन्नाशी उलटेपर्यंत मी लोकांच्या वराती वाजतगाजत पुढं लावून दिल्या. स्वतः मात्र खुर्च्या मोजत मागं राहिलो. माझं सगळं आयुष्य निरोप देण्यात चाललं होतं.

वर्षभर थोडं थोडं करत बंद बॉडीच्या माझ्या टेम्पोचं मी घर केलं. पलंग स्टेजच्या फळ्यांचा. शेगडी आचाऱ्याची. भिंतींना गुलाबी सॅटिनची चुणीदार झालर, छताला छोटं झुंबर. माझ्याकडं जे सामान होतं तेच लावलं. त्यामुळं आतून गाडी रिसेप्शनच्या स्टेजसारखी झाली. रात्री पलंगावर आडवं झालं की कुणीतरी येऊन आहेराचं पाकीट हातात देईल आणि फोटोला उभं राहील, असं वाटायचं.

चाचणी म्हणून आम्ही धर्मापुरीला जाऊन आलो. जुनं दगडी देऊळ पाहिलं, गाडीत चहा केला, जमलेल्या लोकांना झुंबर लावून दाखवलं. परतताना दिंद्रुडच्या पुढं गाडीनं मान टाकली. दिंद्रुड मंदाचं माहेर. तिचा धाकटा भाऊ सुदाम तिथंच राहतो, एसटीत ड्रायव्हर आहे. त्यानं शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आणला, दोरी बांधली आणि त्या दोरीच्या टोकाला आम्ही वडवणीत शिरलो, तो नेमका बाजाराचा दिवस. मागचं दार लागत नव्हतं. गुलाबी झालर वाऱ्यावर उडत होती, झुंबर चालूच राहिलं होतं आणि मधोमध पलंगावर मंदा बसलेली. भाजीवाले उठून उभे राहिले. एका म्हातारीनं लांबूनच बोटं मोडून दृष्ट काढली. कुणीतरी ओरडलं, "वरात कुणाची हाय?" मी पुढं ट्रॅक्टरवर होतो. शरमेनं मान खाली घालावी एवढंही मला सुचलं नाही. सवयीनं मी गर्दीला हात हलवला.

घरी आल्यावर मंदानं चपला काढल्या आणि शांतपणे सांगितलं, "वाळवंटात जायाचं तर जाऊ. पण ह्या गाडीला परत एकदा दोरी लागली ना, तर घरी आल्या आल्या तिच्यात खुर्च्या भरायच्या. पलंग बाहेर, झुंबर बाहेर. अन् फिरस्तीचं नाव पुन्ना काढायचं न्हाई."

"कबूल," मी म्हणालो. संसारात हा शब्द मी अनेकदा वापरला आहे. तो खरोखर पाळावा लागणार, हे मात्र त्या दिवशीच कळलं.

बरोबर कुणाला घ्यायचं हा प्रश्न नव्हता. सुदामची रजा साठली होती. त्याची बायको म्हशीला सोडून यायला तयार नव्हती, त्यामुळं तो एकटाच आला. भांडणं झाली ती बाकी सगळ्या गोष्टींवरून: लोणचं किती, अंथरुणं किती, माइक घ्यायचा की नाही. एका गोष्टीवर तिघांचं एका दमात एकमत झालं. पलंगाच्या मागं पाचशे लिटरची काळी टाकी बसवायची आणि काठोकाठ भरून न्यायची.

आमच्याकडं पाणी ही काय चीज आहे, हे आमच्याकडच्या वाचकाला सांगायला नको. बाहेरच्यासाठी एकच सांगतो. एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत कुणीतरी कानाशी येऊन सांगितलं, गावात नळ आले. कितीतरी दिवसांनी आले होते. मी समाजसेवा म्हणून माइकवर जाहीर केलं. अर्धा मंडप उठला. अंतरपाट धरलेला एक गृहस्थ आपलं टोक सोडून पळाला आणि नवरा-नवरीनं मुहूर्ताआधीच एकमेकांना पाहिलं. अशा गावची माणसं वाळवंटात निघाली होती. पाचशे लिटर म्हणजे आम्ही संयमच पाळला.

गुजरातच्या नाक्यावर

गुजरातेत दारूला बंदी आहे, त्यामुळं हद्दीवर गाड्या तपासतात. आमच्या गाडीचं मागचं दार एका हवालदारानं उघडलं आणि तो दोन पावलं मागं सरकला. गुलाबी भिंती, झुंबर आणि पलंगावर तोंडावर पदर घेऊन झोपलेली मंदा.

"शादी है?" त्यानं मला विचारलं.

"हो चुकी," मी म्हणालो. "बहुत साल हुए."

मग त्याला टाकी दिसली. त्यानं काठीनं ठोकली. भरलेली टाकी जड, मुकी वाजते. त्याच्या चेहऱ्यावर बढतीचं तेज आलं.

"इस में क्या है?"

"पानी."

"इतना?"

"वाळवंट को जा रहे हैं ना."

माणूस एवढं पाणी घेऊन राज्य ओलांडतो यावर त्याचा विश्वास बसेना. साहेबाला बोलावलं. साहेबानं तोटी उघडायला लावली, ओंजळीत घेतलं, वास घेतला आणि शेवटी सगळ्यांच्या देखत चाखलं. "पानी ही है," तो हवालदाराला म्हणाला, आणि दोघांचे चेहरे असे उतरले की मला अपराध्यासारखं वाटलं. मंदा तोवर उठली होती. साहेबाच्या ओंजळीतून खाली सांडलेल्या पाण्याकडं बघत ती मला मराठीत म्हणाली, "चाखायला चमचाभर पुरलं असतं की!"

पुढं सगळ्या गुजरातेत आम्ही एक पद्धत पाळली. पेट्रोल पंप दिसला, ढाबा दिसला, देऊळ दिसलं आणि तिथं नळ असला, की मंदा आतून पत्रा वाजवायची. सुदाम एसटीच्या शिस्तीनं गाडी बाजूला लावायचा आणि सांगायचा, "धा मिंटं थांबंल." टाकीतून जेवढं कमी झालं असेल तेवढं आम्ही भरून घ्यायचो. कमी होणार तरी किती? मंदाचा हुकूम असा की टाकीचं पाणी पुढं लागणार, इथं उडवायचं नाही. त्यामुळं आंघोळीच्या नावाखाली आम्ही ओल्या फडक्यानं अंग पुसत होतो. तीन माणसं काठोकाठ भरलेल्या टाकीला टेकून, अंगाला वास येत असताना, पाणी वाचवत चालली होती. जगात असा कंजूषपणा फक्त आमच्या तालुक्यात जमतो.

जेवणाचं काय सांगू! वरणात गूळ. पहिल्या घासाला सुदामनं इकडं तिकडं बघितलं, पिशवीतून ठेच्याची बाटली काढली आणि वाटीत कालवली. ढाब्याच्या मालकानं उत्सुकतेनं बोटाच्या टोकावर थोडा ठेचा मागितला. नंतर तो आतल्या खोलीत गेला आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आला नाही.

बाडमेर

वाळवंट गरम असतं ही माझी माहिती. म्हणून मी मंडपातला उभा पंखा बरोबर घेतला होता. स्वेटर एकही नाही. बाडमेरला पोचलो त्या सकाळी दात इतके वाजत होते की सुदामला गाडीतच काहीतरी सैल झाल्याचा भास झाला. तो खाली उतरून बॉनेट उघडून पाहू लागला.

"दाजी," तो म्हणाला, "थंडी कावून न्हाई सांगितली तुमी?"

"मला काय माहीत? व्हिडिओत त्यांनी बनियन घातली होती."

"त्यांचं जाऊ द्या. ते बर्फातून आले असत्याल."

गाडीत पांघरायला उरलं होतं ते धंद्याचं सामान. व्हीआयपी सोफ्यावर घालायचं लाल मखमली कव्हर मी अंगाभोवती घेतलं. कडेला सोनेरी गोंडे होते. अशा वेषात मी बाडमेरच्या बाजारात चहा प्यायलो. एका दुकानदारानं वाकून नमस्कार केला आणि कुठल्या संस्थानाचे, असं विचारलं. मी म्हणालो, वडवणी. तो म्हणाला, नाव ऐकलंय. असा खोटं बोलणारा सभ्य माणूस मला पुन्हा भेटला नाही.

खाणावळीत बाजरीची भाकरी आली तेव्हा मात्र मंदाचे डोळे चमकले. भाकरी आमच्याकडच्यासारखीच, फक्त जाड, आणि मध्ये खड्डा करून त्यात तूप ओतलेलं. सोबत लसणाची लाल चटणी आणि वाळवलेल्या शेंगांची भाजी, केर-सांगरी म्हणतात तिला. मंदानं एक घास खाल्ला आणि स्वयंपाकघरात गेली. तिला हिंदी येत नाही, आतल्या बाईला मराठी येत नव्हती. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा तिला त्या बाईच्या तिन्ही सुनांचे स्वभाव माहीत होते.

रस्ता सोडल्यावर

जैसलमेरच्या बाजूला जाताना एका ठिकाणी डांबरी रस्त्याच्या डाव्या हाताला वाळूची टेकडी दिसली. पिवळी, गुळगुळीत, नुकतीच इस्त्री करून ठेवल्यासारखी. व्हिडिओतली तीच जागा, याबद्दल माझी खात्री पटली. दुपार कलत होती. मी सुदामला म्हणालो, "घे आत. टेकडीच्या पायथ्याला लावू. दार उघडायचं, चहा करायचा, फोटो काढायचा."

सुदामनं ब्रेक लावला आणि हात स्टीअरिंगवरून काढून मांडीवर ठेवले. "दाजी, मी आजपस्तोर रस्ता सोडला न्हाई. एसटी शेतात घालत न्हाईत."

"हे शेत कुठं आहे?"

"म्हणूनच म्हणतो. शेत असतं तर खाली माती असती."

यावर समजूतदार माणसानं काय केलं असतं, ते सगळ्यांना ठाऊक आहे. मी सुदामला बाजूला सरकवलं, मखमली कव्हर सावरलं आणि स्वतः गाडी आत घातली. सुरुवातीला ती झकास चालली. मी माइकच्या आवाजात म्हणालो, "बघ! याला म्हणतात ड्रायव्हिंग!" एवढं वाक्य पूर्ण होईपर्यंत मागची चाकं खाली गेली. मी अजून रेस दिली. इंजिन ओरडलं, वाळू उडाली आणि गाडी अशी हळुवार बसली, जशी म्हैस डबक्यात बसावी.

आतून मंदाचा आवाज आला. "अहो, चहाचं पातेलं कलंडलं. गाडी बसली का?"

"बसली नाही. विसावली."

ती मागच्या दारानं उतरली, चाकांकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. त्या पाहण्यातच दोरी हा शब्द मला स्पष्ट ऐकू आला.

आणि नेमका त्याच वेळी ट्रॅक्टर आला. या देशात माणूस नको त्या वेळी एकटा कधीच नसतो. ट्रॅक्टरवर पांढऱ्या झुपकेदार मिशांचे एक गृहस्थ होते. नाव भूराराम. त्यांची ढाणी, म्हणजे शेतातली वस्ती, टेकडीच्या पलीकडंच होती. त्यांनी एकदा चाकांकडं पाहिलं, सीटखालून जाडजूड दोर काढला आणि हसत माझ्यापुढं धरला.

"नहीं नहीं," मी दोन्ही हात पुढं करून मागं सरकलो. "हम फसे नहीं. हम रुके हैं. व्ह्यू के लिए."

भूरारामांनी व्ह्यूकडं पाहिलं. गाडीचं तोंड एका काटेरी झुडपाकडं होतं. "अच्छा," ते म्हणाले, दोर परत सीटखाली ठेवला, इंजिन बंद केलं आणि वाळूत मांडी घालून बसले. पुढं काय होतं ते पाहिल्याशिवाय ते जाणार नव्हते. मंदानं त्यांना चहा दिला.

मी आणि सुदामनं हातांनी वाळू उपसली. जेवढी काढावी तेवढी परत येत होती. चाकाखाली सतरंजी घातली, तीही गाडीनं गिळली. शेवटी सुदाम उभा राहिला, मागच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाला, "दाजी, सगळं वजन हितं हाय. टाकी. ती रिकामी केली तर गाडी वर यील."

सुदाम तोटीपाशी गेला. तोटीवर हात ठेवला. तसाच उभा राहिला. मग हात काढला. "माज्याच्यानं न्हाई व्हायचं. तुमी सोडा."

मी गेलो. मी आयुष्यात भरल्या मंडपात कुणाचंही बिंग फोडायला कधी कचरलो नाही, पण ती तोटी मला फिरवता येईना. उगाच फडक्यानं पुसून परत आलो.

मग मंदा आली. "सरका," म्हणाली आणि तोटी सोडली. धार वाळूवर पडली. आवाज आला नाही, डबकं झालं नाही, काहीच नाही. वाळूनं ते पाणी जागच्या जागी पिऊन टाकलं. नुसता एक काळा डाग उरला आणि तोही कडेनं आकसायला लागला. मंदानं झटकन तोटी बंद केली.

"मला न्हाई बघवत," ती म्हणाली. तिचा आवाज जरा कापला. थंडीनं असेल असं मी त्या वेळी ठरवलं.

मी भूरारामांकडं वळलो. "बाबा, जनावरं हैं ना आपके पास? पानी पिलाओ. पूरा टाकी. फुकट!"

माझ्या औदार्यानं मीच भारावलो होतो. भूरारामांनी टेकडीकडं तोंड करून हाक मारली. त्यांची बायको धापूबाई, मागं बकऱ्या आणि दोन उंट अशी सगळी वरात आली. आम्ही पातेल्यात पाणी ओतून पुढं ठेवलं. पहिली बकरी आली, वास घेतला, माझ्याकडं पाहिलं आणि वळून गेली. तिच्यामागून दुसरी. उंटानं तर मान खाली करण्याचेही कष्ट घेतले नाहीत.

"पी चुके हैं सुबह," भूराराम म्हणाले. "खेळी भरी रहती है, जानवरों का हौद. नल है ना."

"नल?" आम्ही तिघांनी एकदम विचारलं.

"नहर का पानी. घर में आता है."

"किती दिवसांनी?" मंदानं मराठीतच विचारलं. हा प्रश्न कुठल्याही भाषेत कळतो.

"रोज," धापूबाई म्हणाल्या.

सुदाम खाली बसला. वाळवंटात नळ होता आणि तो रोज येत होता! पाचशे लिटर पाणी राज्य ओलांडून, नाक्यावरच्या साहेबाला चाखायला देऊन, अंगाला वास येईपर्यंत वाचवून आम्ही रोज नळ येणाऱ्या माणसांच्या दारात आणलं होतं. मग भूरारामांनी विचारलं, तुमच्याकडं नळ किती दिवसांनी येतो? सुदामनं खरं सांगितलं. म्हातारा एकदम गंभीर झाला. त्यानं बायकोला मारवाडीत काहीतरी सांगितलं आणि धापूबाईंनी मंदाच्या पाठीवर हात ठेवला. दुष्काळी मुलखातून जीव वाचवून आलेल्या माणसांकडं बघावं, तशी ती दोघं आमच्याकडं बघत होती.

"टांक्यात घ्या मग," मी शेवटचा प्रयत्न केला. त्यांच्या अंगणात पावसाचं पाणी साठवायची जमिनीखालची टाकी असते, तिला टांका म्हणतात. धापूबाईंनी मान हलवली. तो भरलेला होता, आणि पावसाच्या पाण्यात हे प्लास्टिकचा वास मारणारं पाणी त्या कशाला मिसळतील? बकरीनं नाकारलेलं पाणी त्या तरी कशाला घेतील!

दोन वाटा उरल्या. पाणी वाळूत सोडायचं किंवा दोर घ्यायचा. दोर म्हणजे खुर्च्या. मी सीटखालच्या त्या दोराकडं पाहिलं आणि माझ्या डोळ्यांपुढून पलंग, झुंबर, पायऱ्यांवरचा चहा एकेक करून बाहेर गेलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मंदानं पदर खोचला.

"वाया कावून घालायचं? वापरायचं. कपडे काढा."

"काय?"

"आंघोळ करा. चोळून करा. सुदाम, तू बी. अन् त्या झुडपापाशी बसा म्हंजे पाणी त्याच्या बुडाला जाईल."

ऊन होतं, पण वारा सुरीसारखा होता. वडवणी तालुक्याचा आवाज, बाडमेरच्या बाजारात ज्याला मुजरा झाला तो संस्थानिक, पट्ट्यापट्ट्यांच्या चड्डीवर काटेरी झुडपाशेजारी उकिडवा बसला. मंदानं पहिली बादली डोक्यावर ओतली. मी जो आवाज काढला तसा आवाज माझ्या कुठल्याही लाउडस्पीकरमधून आजवर निघालेला नाही. उंट दचकून चार पावलं लांब गेले. भूराराम इतके हसले की त्यांची पगडी सुटली.

"अजून घ्या!" मंदा म्हणाली.

"मंदे, मरतो मी!"

"मरत न्हाई. पाठ वळवा."

सुदाम आंघोळ करताना ओरडत नव्हता, नुसता एसटीचे थांबे म्हणत होता. तेलगाव, वडवणी, बीड. बीडच्या पुढं त्याला शब्द फुटेना. आमच्यानंतर भांडी घासली गेली. मग कपडे. मग भिंतींची गुलाबी झालर सोडवून धुतली आणि झुडपावर वाळत घातली. मग भूरारामांचा ट्रॅक्टर धुतला. धापूबाई घरी जाऊन दोन जाड गोधड्या घेऊन आल्या आणि मंदाच्या समोर बसून बडवायला लागल्या. त्यांचं काय बोलणं चाललं होतं कुणास ठाऊक, पण दोघी एकाच वेळी हसत होत्या.

सगळ्यात शेवटी मंदानं गाडीच्या आडोशाला केस धुतले. धापूबाई बादली भरून देत होत्या. आम्ही पुरुष टेकडीकडं तोंड करून थरथरत बसलो होतो. मागून पाण्याचा आवाज येत होता आणि तो थांबत नव्हता. आमच्या घरात तो आवाज नेहमी थांबतो. दोन तांबे, तीन तांबे, मग शांतता. मी इतकी वर्षं तो ऐकत आलोय, पण तो थांबतो हे मला तिथं कळलं. सुदाम काही बोलायला लागला तर मी त्याला हातानं गप्प केलं.

मंदा समोर आली तेव्हा केस मोकळे होते आणि नाकाचा शेंडा लाल झाला होता. तिनं टाकीवर बोटं वाजवली. पोकळ वाजली.

"आता बस गाडीत," ती सुदामला म्हणाली. मला नाही.

सुदामनं गाडी हळूच दुसऱ्या गियरला टाकली. मागची चाकं थोडी वर आली, थबकली आणि परत बसायच्या बेतात आली. मी पाठीमागून ओरडलो, "मंदा, धक्का चालतो का?"

ती क्षणभर थांबली. "धक्क्याचं काय बोलणं झालं न्हवतं," म्हणाली आणि स्वतःच खांदा लावला. मी लावला. भूरारामांनी लावला. धापूबाईंनी ओली गोधडी खाली टाकून दोन्ही हात लावले. गाडी एकदा कण्हली आणि वर आली. सुदामनं ती न थांबता थेट ढाणीच्या कडक अंगणात नेऊन उभी केली. मी वाळूत पालथा पडलो होतो. पाठीमागून धक्का देताना गाडी निघून गेली की पुढं काय करायचं, याचा विचार मी केला नव्हता.

ढाणी

त्या संध्याकाळी आम्हाला त्यांनी जाऊ दिलं नाही. मनवार म्हणजे काय ते तिथं कळलं. आपल्याकडं पाहुण्याला दोनदा आग्रह करतात, तिसऱ्यांदा तो नको म्हणाला की सुटतो. तिथं नको म्हटलं की दुसऱ्या बाजूनं वाढतात. बाजरीचा खीच, म्हणजे घट्ट खिचडी, वर तूप, तुपावर गूळ. सुदाम ताटावर हात आडवा धरून बसला तर धापूबाईंनी त्याच्या बोटांमधून तूप सोडलं.

सकाळी निघताना भूराराम नळाची लांब नळी ओढत आले. रिकामी टाकी घेऊन पाहुणा दारातून जायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या मुलखाची हकीकत ऐकल्यानंतर तर नाहीच नाही. धापूबाईंनी नळी टाकीत सोडली आणि पाणी पडायला लागलं. जोरात, गार, न थांबणारं. मंदा टाकीला हात लावून उभी राहिली. आत पाणी चढत होतं तसा तिचा हात वर सरकत होता.

मी अंगणाच्या पलीकडं पाहिलं. डांबरी रस्त्यापर्यंत मध्ये वाळूच होती. भरलेली टाकी, ती वाळू आणि भूरारामांच्या सीटखालचा दोर. पण नळ चालू असताना बायकोला नको म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती. आमच्या तालुक्यात ती कुणातच नाही.

टाकी निम्म्याच्या जरा वर गेली असेल, तेव्हा मंदानं नळी उपसून बाहेर काढली.

"बस."

धापूबाईंना तो लाजरेपणा वाटला. त्यांनी नळी परत आत घातली. मंदानं परत काढली. दोघींची नळीवरून ओढाओढ झाली आणि तिघाचौघांच्या अंगावर पाणी उडालं. शेवटी मंदा भिंतीपाशी चालत गेली आणि तिनं स्वतःच्या हातानं नळ बंद केला.

"ताई," सुदाम टाकी ठोकून म्हणाला, "अजून लई जागा हाय."

"असू दे," ती म्हणाली. "वाळूतून जायाचंय. वजनानं गाडी बसली अन् दोरी लागली, तर पलंग काढावा लागंल. मग पुढच्या पौषात झोपायचं कुठं? माझ्या बोडक्यावर?"

एवढं बोलून ती मागच्या पायऱ्या चढून आत गेली आणि पलंगावर बसून तिनं झालर नीट करायला घेतली. सुदाम माझ्याकडं बघायला लागला. मी काहीतरी बोलावं अशी त्याची अपेक्षा असावी. मी पुढं जाऊन बसलो, दार ओढून घेतलं आणि त्याला खुणेनं सांगितलं, चल.